आधी ढग, मग रंग

सप्टेंबर लागला की सह्याद्रीत काढलेल्या छायाचित्रांना उधाण येते. कास, मालशेज, नाणेघाट, हरिश्चंद्रगड, आंबोली अशी स्थळे वेगवेगळी असली, तरी त्यांतल्या बऱ्याच छायाचित्रांत दोन दोष जोडीने आढळतात. वर आकाशाच्या जागी निव्वळ पांढरा पट्टा असतो आणि खाली गवताचा हिरवा इतका भडक केलेला असतो की तो सह्याद्रीतला वाटतच नाही. आकाशासाठी संपादनाच्या सॉफ्टवेअरमधला हायलाइटचा (उजळ भागांचा) स्लायडर आणि रंगासाठी सॅच्युरेशनचा (रंगाच्या गडदपणाचा), असे या दोन दोषांवर वेगवेगळे उपाय करण्याची पद्धत रूढ आहे. माझ्या मते मात्र बहुतेक वेळा हा एकच दोष असतो. छायाचित्रातला रंग फिका पडतो तो मुख्यतः उजळ भागांत, आणि त्या भागांकडे आधी नीट लक्ष दिले तर रंग वेगळा वाढवण्याची गरज फारशी उरत नाही.

हे असे का होते, ते समजून घेण्यासाठी कॅमेऱ्यातल्या सेन्सरकडे वळावे लागेल. सेन्सर प्रकाश सरळ प्रमाणात मोजतो, म्हणजे प्रकाश दुप्पट झाला की आकडाही दुप्पट होतो. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, एकूण १६,३८४ पायऱ्या असतात आणि त्यांतल्या निम्म्या, म्हणजे ८,१९२ पायऱ्या, एकट्या सर्वांत वरच्या स्टॉपमध्ये येतात (एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची एक दुप्पट). त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, त्याखालच्याला २,०४८, अशी ही संख्या निम्म्यानिम्म्याने घटत जाते. ढग, धुके, धबधब्याचे पाणी आणि ओल्या पानांवरची चमक या सगळ्यांची नोंद सर्वांत तपशिलाने होते ती याच वरच्या स्टॉपमध्ये. मात्र त्याच्या वर काहीच नसते. सेन्सरची क्षमता संपली की त्यापुढचा सगळा प्रकाश एकाच आकड्यावर अडकतो आणि तिथला फरक कायमचा जातो. यालाच आपण हायलाइट जळणे म्हणतो.

रॉ फाइलचे रूपांतर करताना सॉफ्टवेअर या सरळ आकड्यांवर एक वक्र चढवते, कारण सरळ प्रमाणातले चित्र आपल्या डोळ्यांना काळवंडलेले दिसते. हा वक्र मधल्या छटा उचलतो आणि वरच्या टोकाशी चपटा होतो. एखाद्या ढगाच्या कडेला लाल, हिरवा आणि निळा या तीन चॅनेलांत चांगला फरक असला, तरी वक्राच्या चपट्या भागात हे तिन्ही आकडे छताशी दाटीवाटीने येतात आणि त्यांच्यातले अंतर आक्रसते. रंगाची गडदता म्हणजे या तीन आकड्यांमधले अंतरच असल्यामुळे तो ढग पांढुरका दिसू लागतो, जरी मूळ फाइलमध्ये त्याचा केशरी रंग शाबूत असला तरी. असा भाग खाली ओढून मधल्या छटांत आणला की अंतर पुन्हा उघडते आणि रंग परत येतो. सॅच्युरेशनच्या स्लायडरला हातही न लावता हे घडते, आणि असा परतलेला रंग खरा असतो, कारण तो त्या जागी नोंदवला गेला होता.

कोकणकड्याचे उदाहरण घेतो. हरिश्चंद्रगडाचा हा अंतर्वक्र कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे, त्यामुळे संध्याकाळी सूर्य थेट समोर आणि काळा कातळ स्वतःच्याच सावलीत, अशी स्थिती येते. आकाश आणि दरी यांच्या प्रकाशातला फरक एका फाइलच्या आवाक्याच्या कडेवर पोहोचतो. अशा वेळी मी एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर किती प्रकाश पडू द्यायचा ते, आकाशासाठी ठरवतो आणि दरी अंधारी राहू देतो, कारण अंधारातून तपशील उचलता येतो, जळलेल्या आकाशातून येत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम, म्हणजे उजळतेची वाटणी दाखवणारा आलेख, इथे अर्धवटच मदत करतो. तो रॉ फाइलचा नसून कॅमेऱ्याने आतल्या आत बनवलेल्या तयार चित्राचा, म्हणजे जेपेगचा, असतो. जेपेगवर कॉन्ट्रास्ट आणि रंग वाढवणारी पिक्चर स्टाइल लागलेली असेल, तर हिस्टोग्राम जळाल्याची सूचना प्रत्यक्षात जळण्याआधीच देतो. म्हणून मी कॅमेऱ्यात सर्वांत सौम्य पिक्चर स्टाइल लावून ठेवतो आणि एकत्रित हिस्टोग्रामऐवजी तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम पाहतो.

तिन्ही वेगवेगळे पाहण्याचे कारण असे की चॅनेल सगळे एकदम जळत नाहीत. सूर्यास्ताच्या आकाशात लाल सर्वांत आधी भरतो. माझ्यासमोर आत्ता अशीच एक फाइल आहे. सूर्यापासून थोड्या अंतरावर आकाश गडद केशरी आहे. तिथून सूर्याकडे सरकत गेले की लाल चॅनेल एका जागी छताला लागतो आणि पुढे वाढत नाही, पण हिरवा वाढतच राहतो. परिणामी केशरीचा पिवळा होतो, मग हिरवाही भरतो आणि पिवळ्याचा पांढरा होतो. प्रत्यक्षात आकाशात असा लिंबासारखा पिवळा पट्टा नव्हता, तो निव्वळ लाल जळाल्यामुळे तयार झाला. आता कोणी या चित्राचे सॅच्युरेशन वाढवले तर सर्वांत आधी हाच खोटा पिवळा उठून दिसतो आणि सूर्याभोवती कडक कडा असलेले कडे तयार होते. या फाइलमध्ये एक्स्पोजर एका स्टॉपने खाली ओढल्यावर पट्ट्याचा बाहेरचा बराच भाग पुन्हा केशरी झाला, म्हणजे तिथला लाल रॉमध्ये सुखरूप होता आणि फक्त वक्राने छताला टेकवला होता. आतला भाग मात्र पिवळाच राहिला. तो खरोखर जळलेला आहे, आणि त्याचे काय करायचे हा वेगळा प्रश्न आहे.

दुपारच्या पांढऱ्या ढगांत नेमके उलटे होते. दिवसाच्या उजेडात बहुतेक सेन्सरांचा हिरवा चॅनेल आधी भरतो, आणि पांढरा पांढरा दिसावा म्हणून व्हाइट बॅलन्स लाल व निळ्या चॅनेलला दीड-दोन पटींनी गुणतो. हिरवा जळाला आणि लाल-निळे शिल्लक राहिले, तर सॉफ्टवेअरने काळजी न घेतल्यास ढगांवर गुलाबी छटा येते. पण त्याच शिल्लक लाल-निळ्यांच्या आधारे ढगाचा आकार बऱ्यापैकी परत उभा करता येतो, कारण ढग मुळात रंगहीन असतो आणि दोन चॅनेलांवरून तिसऱ्याचा अंदाज बांधणे तिथे रास्त ठरते. अडोबीचे लाइटरूम हे सॉफ्टवेअर हे काम आपसूक करते. डार्कटेबल आणि रॉथेरपी या दोन मोफत सॉफ्टवेअरांत त्यासाठी निरनिराळ्या पद्धती निवडता येतात, आणि रॉथेरपीमध्ये तर शेजारच्या शाबूत भागाचा रंग जळलेल्या भागात पसरवण्याचीही सोय आहे. पांढऱ्या ढगासाठी मी या अंदाजावर विश्वास ठेवतो. सूर्यास्ताच्या आकाशासाठी फारसा ठेवत नाही, कारण तिथे रंग हाच विषय असतो आणि अंदाजाने आणलेला रंग चुकीचा निघाला तर सगळे चित्रच चुकते.

म्हणून पहिले पाऊल व्हाइट बॅलन्स. तो बदलला की चॅनेलांचे गुणक बदलतात आणि कोणता चॅनेल छताला टेकतो हेही बदलते. हायलाइट सावरून झाल्यावर व्हाइट बॅलन्स हलवला तर सगळे काम पुन्हा करावे लागते. संध्याकाळच्या चित्रात ऑटो व्हाइट बॅलन्स टाळावा, तो प्रकाशातली ऊब काढून टाकतो. ५,५०० केल्विनच्या आसपास सुरुवात करावी आणि कातळाकडे पाहून थोडे इकडेतिकडे करावे. सह्याद्रीचा बसॉल्ट करडा-काळा असतो. तो निळा किंवा तपकिरी दिसू लागला की आपण वाट सोडली असे समजावे. ओल्या कातळात आकाशाचा निळा मिसळतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

त्यानंतर एक्स्पोजर, मग हायलाइट, मग व्हाइट्स, म्हणजे सर्वांत उजळ टोकाचा स्लायडर. लाइटरूमच्या २०१२ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून हायलाइटचा स्लायडर आजूबाजूचा भाग पाहून काम करतो, म्हणजे तो नुसता वक्र वाकवत नाही, तर ढगाच्या आतला बारीक फरक टिकवून त्याची एकूण उजळता उतरवतो. हे त्याचे सामर्थ्य आहे आणि दोषही तिथेच आहे. काळ्या कड्याला उजळ आकाश टेकलेले असते अशा ठिकाणी स्लायडर अगदी टोकाला नेला, तर कड्याच्या कडेने एक फिकट झालर उमटते. कोकणकड्याच्या चित्रात ही झालर चटकन दिसते, कारण कड्याची रेषा लांबलचक आणि ठसठशीत आहे. ती दिसली की मी हायलाइट थोडा मागे घेतो आणि उरलेले काम एक्स्पोजर उतरवून करतो. व्हाइट्सचा स्लायडर ऑल्ट की दाबून सरकवला की पडदा काळा होतो आणि फक्त छताला टेकलेले भाग दिसतात. लाल ठिपके म्हणजे फक्त लाल चॅनेल, पिवळे म्हणजे लाल आणि हिरवा दोन्ही, पांढरे म्हणजे तिन्ही. हा पडदा मी पुन:पुन्हा पाहतो, कारण कोणता चॅनेल कुठे अडकला आहे हे इतक्या थेटपणे दुसरे कोणतेही साधन दाखवत नाही.

सगळेच पांढरे काढून टाकणे मात्र चूक आहे. सूर्याचे बिंब पांढरेच असते आणि उन्हात चमकणाऱ्या धबधब्याची एखादी धारही पांढरी असते. हायलाइट सरसकट खाली ओढला की ढग राखाडी होतात, आणि चित्रात सूर्य असूनही ऊन नसल्यासारखे वाटते. आतल्या खऱ्याखुऱ्या जळलेल्या भागाबद्दल माझा उपाय हाच आहे की त्याला जळलेला राहू द्यावे, फक्त त्याच्या कडेचा खोटा पिवळा ब्रशने थोडा फिका करावा, म्हणजे केशरीतून पांढऱ्याकडे जाणारा उतार सलग होतो.

आकाश आणि जमीन एका पट्टीत बसत नाहीत ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८५०च्या दशकात वापरात असलेल्या कोलोडियनचा लेप दिलेल्या निगेटिव्हच्या काचा निळ्या प्रकाशाला इतक्या संवेदनशील होत्या की आकाश जवळजवळ नेहमीच जळून जाई. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यांनी समुद्र आणि आकाश यांच्या दोन वेगळ्या काचा घेऊन क्षितिजरेषेवर त्या जोडल्या आणि एक कागद छापला. आज आपण ग्रेडियंट मास्कने, म्हणजे चित्राच्या एका भागापुरता हळूहळू विरत जाणारा बदल करून, करतो ते तत्त्वतः तेच काम आहे. सह्याद्रीत अडचण अशी की आपले क्षितिज समुद्रासारखे सरळ नाही. सरळ ग्रेडियंट ओढला तर सुळक्यांची आणि कड्यांची टोके आकाशाबरोबर काळी पडतात. म्हणून ग्रेडियंटला उजळतेची मर्यादा घालावी, म्हणजे तो फक्त उजळ आकाशावर लागू होतो आणि त्याच पट्ट्यात येणारा काळा कातळ सुटतो. कॅमेऱ्यापुढे लावायच्या ग्रॅज्युएटेड फिल्टरला अशी मर्यादा घालता येत नाही, त्यामुळे डोंगरात मी तो हल्ली वापरत नाही. फरक फारच मोठा असेल तर ट्रायपॉडवर दोन वेगवेगळी एक्स्पोजर घेणे अधिक बरे.

हे झाले की रंगाकडे वळावे, आणि वळण्याआधी थोडा वेळ चित्र नुसते पाहावे. पुष्कळदा आकाशाची उजळता खाली आल्यावर केशरी, जांभळा, फिकट निळा हे सगळे तिथे हजर असल्याचे दिसते आणि पुढे करण्यासारखे फार उरत नाही.

इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर दिसणारे गोल इंद्रधनुष्य, हे याचे फार सुंदर उदाहरण आहे. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांना हरिश्चंद्रगडावर ते दिसल्याचे ट्रेकर मंडळी आवर्जून सांगतात. सकाळी सूर्य पाठीशी आणि दरीत दाट धुके असले की आपल्या सावलीच्या डोक्याभोवती रंगांची वलये दिसतात, बाहेर लाल आणि आत निळा. पांढऱ्या धुक्यावरचे हे रंग अत्यंत फिके असतात. धुके पांढरेशुभ्र दाखवण्याच्या हौसेने चित्र उजळ केले की वलये जवळजवळ पुसली जातात, आणि मग ती परत आणण्यासाठी सॅच्युरेशन वाढवले की धुक्यावर रंगीत डाग उठतात. तेच धुके मधल्या राखाडीपर्यंत उतरवले तर वलये आपल्या आपण वर येतात.

कासच्या पठारावर प्रश्न वेगळा आहे, पण मूळ तेच. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचे हे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे फुलांचे गालिचे असतात आणि आकाश बहुधा ढगाळ असते. अशा वेळी प्रत्येक ओल्या पानावर आणि पाकळीवर पांढऱ्या आकाशाचे प्रतिबिंब पडते. म्हणजे संपूर्ण पठारभर असंख्य बारीक हायलाइट पसरलेले असतात आणि ते पानांचा मूळ रंग झाकतात. हिरवा फिका दिसण्याचे कारण हे आहे. सॅच्युरेशन वाढवल्याने ती पांढरी चमक जात नाही, फक्त चमकेच्या मधला हिरवा भडकतो. यावरचा खरा उपाय पोलरायझर फिल्टर आहे. तो एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो, पण पानावरचे प्रतिबिंब कापतो आणि खालचा रंग उघडा करतो. संपादनात हे नंतर करता येत नाही, कारण प्रतिबिंब कुठले आणि पान कुठले हे फाइलला ठाऊक नसते. पोलरायझर नसेल तर हायलाइट थोडे उतरवून चमक निदान दबवता येते.

पठारावरचा हिरवा दुरुस्त करताना मी हिरव्याच्या स्लायडरला शेवटी हात लावतो, कारण गवत आणि पाने यांचा मोठा भाग सॉफ्टवेअरच्या लेखी पिवळ्या पट्ट्यात मोडतो. पिवळ्याची छटा किंचित हिरव्याकडे नेऊन त्याचे सॅच्युरेशन थोडे कमी केले आणि हिरव्याची उजळता उतरवली, की पावसाळी गवताचा तो दाट, काळपट हिरवा मिळतो. रंग गहिरा करण्यासाठी त्याची उजळता कमी करणे हा सॅच्युरेशन वाढवण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच चांगला मार्ग असतो. यात एक अडचण आहे. सोनकीची फुलेही पिवळ्याच पट्ट्यात येतात. सरसकट पिवळा उतरवला तर ती कोमेजल्यासारखी दिसतात, म्हणून फुलांच्या भागापुरता वेगळा मास्क करावा लागतो. वेळ लागतो, पण कासच्या चित्रात सोनकी गेली तर राहिले काय?

तेरड्याचा गुलाबी-जांभळा आणखी जपून हाताळावा लागतो. त्याच्या पाकळीत लाल आणि निळा दोन्ही चॅनेल वर असतात आणि हिरवा खाली, त्यामुळे एकत्रित हिस्टोग्राम निर्धास्त दिसत असताना लाल चॅनेल छताला टेकलेला असू शकतो, कारण उजळतेच्या हिशेबात सर्वांत मोठा वाटा हिरव्याचा असतो. लाल अडकला की पाकळीवरच्या शिरा आणि घड्या नाहीशा होतात आणि फुलाच्या जागी सपाट गुलाबी ठिपका राहतो. अशा वेळी मी शंभर टक्के मोठे करून एक पाकळी पाहतो. तिच्यावरची रेघ दिसते तोवर रंग ठीक आहे, रेघ गेली की सॅच्युरेशन मागे घ्यायचे. सॅच्युरेशनपेक्षा व्हायब्रन्स इथे बरा, कारण तो फिक्या रंगांना जास्त उचलतो आणि आधीच गडद असलेल्यांना कमी. तेरडा त्याच्या तडाख्यातून बऱ्यापैकी वाचतो.

भडक केलेल्या कासच्या चित्रांबद्दल मला मनापासून वाईट वाटते. पठारावर फुले खरोखरच उत्कट रंगाची असतात, पण त्यांच्यामध्ये काळा सडा असतो, पाण्याची डबकी असतात, करपलेले गवत असते, आणि त्या शांत रंगांमुळेच फुलांचा रंग उठतो. सगळेच रंग वाढवले की फुले हरवतात. चित्र पाहून तिथे पोहोचलेला माणूस समोरचे पठार फिके म्हणून नाक मुरडतो, आणि हा त्या पठारावर अन्याय आहे.

२०१५ साली अडोबीने आणलेल्या डीहेझ या स्लायडरबद्दलही माझे मत सावध आहे. तो धुरकटपणा कापतो, पण कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशन दोन्ही एकदम वाढवतो आणि आकाशाच्या कडा काळसर करतो. कोकणकड्यावरून दिसणाऱ्या एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगांत अंतराचा सगळा भास त्या धुरकटपणावर उभा असतो. समोरच्या रांगेवर तो थोडा लावावा, मागच्या रांगांना त्यापासून दूर ठेवावे.

हे सगळे काम ज्या पडद्यावर करायचे त्याची उजळता आधी उतरवावी. लॅपटॉपचे पडदे घरातल्या उजेडाच्या मानाने फार प्रखर असतात. प्रखर पडद्यावर सावरलेले चित्र छापल्यावर अंधारे निघते, आणि हायलाइटही नकळत जास्त उतरवले जातात. छपाईसाठी संपादन करताना पडदा साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवण्याची शिफारस असते. मोजण्याचे साधन नसेल तर पडद्याशेजारी पांढरा कागद धरावा आणि दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत उजळता कमी करावी.

शेवटी फाइल बाहेर काढताना ती एसआरजीबीत, म्हणजे पडद्यांसाठीच्या प्रमाणित रंगक्षेत्रात, जाते, आणि संपादन ज्या मोठ्या रंगक्षेत्रात झाले तिथले काही रंग या लहान क्षेत्रात मावत नाहीत. तेरड्याचा गुलाबी आणि सूर्यास्ताचा केशरी हे दोघे त्यांत आघाडीवर असतात. लाइटरूममध्ये सॉफ्ट प्रूफिंग (बाहेर काढलेली फाइल कशी दिसेल याची झलक) सुरू केले की न मावणारे भाग खुणेने दिसतात. तिथे त्या एका रंगाचे सॅच्युरेशन खूण नाहीशी होईपर्यंत कमी करावे, बाकीच्या चित्राला हात लावू नये. छापण्यासाठी पाठवायची फाइल असेल तर ढगांचा सर्वांत उजळ भाग २५५ या कमाल आकड्यावर न ठेवता २४५ ते २५० च्या दरम्यान आणावा. तिथे शाईचे बारीक ठिपके पडतात आणि ढगाला कागदावर पोत मिळतो, नाहीतर त्या जागी कोरा कागद उघडा राहतो.